चुकलेल्या बातमीची किंमत

जुलै १८८२. पुण्याचे दोन तरुण संपादक मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दाखल झाले. गोपाळ गणेश आगरकरांना नुकतीच सव्वीस वर्षे पूर्ण झाली होती. बाळ गंगाधर टिळकांना ती पूर्ण व्हायला जेमतेम आठवडा बाकी होता. त्यांची ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही वृत्तपत्रे तेव्हा दीड वर्षाची. कोल्हापूरचे तरुण महाराज चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालवला आहे आणि त्यामागे संस्थानचे कारभारी बर्वे आहेत, असा या वृत्तपत्रांचा आरोप होता. बर्व्यांच्या नावची काही पत्रे हाती आली होती, त्यांच्या भरवशावर मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट निघाली. शिक्षा झाली चार महिन्यांच्या कैदेची. सूट मिळून १०१ दिवसांनी दोघे बाहेर आले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकही लिहिले.

महाराजांविषयीची काळजी अनाठायी नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरला नजरकैदेत असताना गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे कळकळ खरी होती, कागद खोटे होते. आणि खोट्या कागदांचा भुर्दंड ते छापणाऱ्यांनी स्वतः भरला.

पत्रकारितेचा इतिहास आपल्याकडे बहुधा एका उताराच्या रस्त्यासारखा सांगितला जातो. आधी ध्येयवादी संपादक, मग धंदेवाईक मालक, मग आरडाओरडा करणाऱ्या वाहिन्या, आणि शेवटी मोबाइलवरचा चिखल. या कहाणीत तथ्य आहे, पण ती फार सरळ आहे. खळबळीची हौस वाचकाला पहिल्यापासून होती आणि ती पुरवणारेही पहिल्यापासून होते. बदलत गेली ती हिशेबाची वही. बातमी चुकली, तर तो खर्च कोणाच्या नावावर पडतो, एवढे पाहत गेले की दोनशे वर्षांतला फरक जास्त नीट दिसतो.

चंद्रावरची वटवाघळे

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. शेजारी शेजारी दोन स्तंभ, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. ज्ञान द्यावे, लोकांचे म्हणणे राज्यकर्त्यांपर्यंत पोचवावे, हा हेतू. वर्गणीदार मोजके, नफ्याची आशा त्याहून कमी. १८४० मध्ये ते बंद पडले.

‘दर्पण’च्या दुसऱ्या वर्षात, ३ सप्टेंबर १८३३ रोजी, न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे नावाच्या छापखानेवाल्याने ‘सन’ हे दैनिक काढले. इतर दैनिके सहा सेंटला मिळत, हे एका सेंटला. हमाल, कारागीर, मोलकरीण, कोणीही रस्त्यावर पोराच्या हातून अंक घेऊ शकत असे. एका सेंटमध्ये कागदाचाही खर्च धड निघत नव्हता. पैसा यायचा तो जाहिरातींतून, आणि जाहिराती यायच्या खपावर. वाचकाची गर्दी जमवायची आणि ती जाहिरातदाराला विकायची, हा धंदा इथे सुरू झाला. पुढची माध्यमे बदलली तरी धंद्याची ही रीत फारशी बदललेली नाही.

ऑगस्ट १८३५ मध्ये ‘सन’ने सहा भागांची एक मालिका छापली. नामवंत खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी दक्षिण आफ्रिकेतून नव्या प्रचंड दुर्बिणीने चंद्र पाहिला आणि तिथे जंगले, प्राणी, एवढेच काय, वटवाघळासारखे पंख असलेली माणसे त्यांना दिसली! हर्शेल खरोखर दक्षिण आफ्रिकेत होते. बाकी सगळे रिचर्ड ॲडम्स लॉक या वार्ताहराच्या डोक्यातून निघालेले. अंकावर झुंबड उडाली. आपला खप १९,३६० वर गेला असून तो जगात सर्वाधिक आहे, असा दावा ‘सन’ने केला. पुढे थाप उघडी पडली, तरी ‘सन’ने चूक अशी कधी कबूल केली नाही. वाचकही रागावले नाहीत. एका सेंटात चार दिवस करमणूक झाली होती. हर्शेल यांना मात्र चंद्रावरच्या माणसांविषयी विचारणाऱ्यांचा बराच काळ उपद्रव झाला. लॉकने थाप मारली, डेने पैसे कमावले, आणि खुलासे करत बसावे लागले ज्याचा काही संबंध नव्हता त्याला.

पिवळा सदरा

मराठीत ‘पीत पत्रकारिता’ हा शब्द सर्रास वापरला जातो, पण तो पिवळा रंग एका कार्टूनमधल्या पोराच्या लांब सदऱ्याचा आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. जोसेफ पुलित्झर यांच्या ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट हा चित्रकार झोपडपट्टीतल्या एका टकल्या पोराची चित्रे काढत असे. पोर कमालीचे लोकप्रिय झाले. विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी १८९५ मध्ये ‘जर्नल’ हे प्रतिस्पर्धी दैनिक विकत घेतले आणि वर्षभरात जादा पगार देऊन आउटकॉल्टला पळवले. पुलित्झरनी दुसऱ्या चित्रकाराकडून तेच पोर काढून घेणे चालू ठेवले. दोन्हीकडे पिवळे पोर, आणि दोन्हीकडे तसल्याच भडक बातम्या. तेव्हापासून ‘पिवळा’ हे त्या सबंध शैलीचे विशेषण झाले.

१५ फेब्रुवारी १८९८ रोजी हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. अडीचशेहून अधिक खलाशी गेले. चौकशी सुरू होण्याआधीच ‘जर्नल’ने शत्रूचा हात असल्याचे ठरवून टाकले आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५० हजार डॉलरचे बक्षीस लावले. दोन महिन्यांत अमेरिका आणि स्पेन यांचे युद्ध पेटले. केवळ वृत्तपत्रांनी युद्ध घडवले, असे आजचे इतिहासकार मानत नाहीत. पण हवा तापवायला त्यांनी हातभार लावला, हे खरे. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासगटाने निष्कर्ष काढला, की स्फोट बहुधा जहाजाच्या आतच, कोळशाच्या कोठारातल्या आगीमुळे झाला असावा. मधे ७८ वर्षे गेली होती.

त्याच सुमारास एक चूक पुण्याच्या माणसाकडूनही झाली. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात गोरे सैनिक घराघरात शिरत होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याचे पुण्याच्या स्नेह्यांनी त्यांना पत्रांतून कळवले. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले आणि पार्लमेंटपर्यंत गहजब झाला. परत येऊन त्यांनी पुरावा गोळा करायचा प्रयत्न केला, पण पुढे येऊन सांगायला कोणी तयार होईना. ज्यांनी पत्रे लिहिली त्यांची नावे गोखल्यांनी उघड केली नाहीत. त्यांनी स्वतःच्या सहीने बिनशर्त माफी छापली. इंग्रजांनी हेटाळणी केली, स्वकीयांनी भित्रेपणाचा शिक्का मारला, आणि हा डाग त्यांना कैक वर्षे बोचत राहिला.

मथळ्यांची आतषबाजी करून हर्स्ट श्रीमंत झाले आणि एका मुलाखतीने गोखले खचले. दोन्ही घटनांत अंतर अवघ्या काही महिन्यांचे. त्यामुळे ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर पुरत नाही. गोखल्यांच्या बाबतीत माणूस आणि शब्द एकमेकांना बांधलेले होते. ‘जर्नल’मध्ये शब्द हा माल होता. विशेष म्हणजे या स्पर्धेतले दुसरे धुरीण पुलित्झर यांनीच पुढे पत्रकारितेचे शिक्षण देणाऱ्या संस्थेसाठी देणगी ठेवली. कोलंबिया विद्यापीठात १९१२ मध्ये ती शाळा सुरू झाली. आज उत्तम पत्रकारितेचा मान म्हणून दिले जाणारे पुरस्कार त्याच पिवळ्या सदऱ्याच्या पैशातून उभे राहिले आहेत.

मलबार हिलचे दोन खून

मराठी वृत्तपत्रे सुरुवातीला बातमीपत्रे कमी आणि मतपत्रे जास्त होती. अग्रलेख हा अंकाचा प्राण. बातम्या त्याच्या आजूबाजूला. अच्युत बळवंत कोल्हटकरांनी १९१५ मध्ये मुंबईत ‘संदेश’ काढला आणि बातमीला चव आणली. चटकदार मथळे, खुसखुशीत भाषा, ‘वत्सलावहिनींची पत्रे’सारखे घरगुती सदर. सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. पण वृत्तपत्र हातात घेतल्यावर वाचकाला मजाही यावी, ही कल्पना एकदा रुळली ती रुळलीच.

मग १२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ आली. मलबार हिलवर अब्दुल कादर बावला हा धनाढ्य व्यापारी मोटारीतून चालला होता. सोबत मुमताज बेगम ही नर्तकी. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्या दरबारातून ती निघून आली होती. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या टोळीने त्यांना अडवले, बावलाला गोळ्या घातल्या, मुमताजच्या चेहऱ्यावर वार केले. तिला पळवून नेणार तोच गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचले. त्यातला एक गोल्फच्या काठीनेच हल्लेखोरांवर तुटून पडला. राजवाडा, नर्तकी, खून आणि गोल्फची काठी! बातमीदाराने कल्पना लढवायची ठरवली असती तरी याहून जास्त काही सुचले नसते.

मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला. आरोपींपैकी एकाचे वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतले होते. कोर्टातला शब्दन् शब्द वृत्तपत्रांत येऊ लागला, आणि त्याच वर्षी या घटनेवर मूकपटही निघाला. तिघांना फाशीची शिक्षा झाली. आरोपींचे धागे इंदूरकडे जात होते. पण संस्थानिकाला हात लावायला ब्रिटिश सरकार सहसा कचरत असे. या वेळी प्रकरण दडपणे अवघड होते, कारण ते रोज सकाळी हजारो घरांत वाचले जात होते. फेब्रुवारी १९२६ मध्ये तुकोजीरावांनी चौकशीला सामोरे जाण्याऐवजी गादी सोडली. चवीने वाचल्या गेलेल्या बातमीने इथे एका महाराजाला जाब द्यायला लावला. खळबळ आणि लोकहित कधी कधी एकाच गाडीतून येतात, आणि म्हणूनच दोघांमध्ये रेघ ओढणे कठीण जाते.

चौतीस वर्षांनी त्याच टेकडीच्या पायथ्याशी, नेपियन सी रोड भागात, दुसरा खून झाला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याच्यावर तीन गोळ्या झाडल्या आणि स्वतः जाऊन पोलिसांच्या हवाली झाले. रुसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ या साप्ताहिकाने बाजू निवडली. गणवेशातला देखणा, देशभक्त अधिकारी एकीकडे आणि पैसेवाला रंगेल पुरुष दुसरीकडे, असा खटल्याचा सिनेमाच त्यांनी वाचकांपुढे उभा केला. २५ पैशांचा अंक दोन रुपयांना विकला जाऊ लागला. रस्त्यावर खेळण्यातली ‘नानावटी पिस्तुले’ आणि ‘आहुजा टॉवेल’ मिळू लागले. गोळी लागली तेव्हा आहुजा टॉवेल गुंडाळून होता, हे शहरातल्या पोराटोरांनाही ठाऊक झाले होते.

ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवले. सेशन्स न्यायाधीशांना हा कौल अमान्य होता. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाने जन्मठेप दिली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ‘ब्लिट्झ’चा खप वाढला. मेलेल्या माणसाला आपली बाजू मांडायला साप्ताहिक नव्हते.

या खटल्याविषयी एक वाक्य आजही लेखांतून, मालिकांतून, सिनेमांच्या जाहिरातींतून फिरते: हा भारतातला शेवटचा ज्युरी खटला. ते खरे नाही. ज्युरीची पद्धत एका दिवसात बंद झाली नाही. ती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच उरली नाही. खळबळजनक खटल्याच्या पोटी खळबळजनक दंतकथा जन्मली, आणि ती तपासून घ्यायची तसदी साठ वर्षे थोड्यांनीच घेतली.

मधली रात्र

तरी छापील दैनिकाकडे एक गोष्ट होती, जिची किंमत ती गेल्यावर कळली. घटना आणि अंक यांच्यामध्ये एक रात्र असायची. बातमीदार संध्याकाळी बातमी लिहून देई. उपसंपादक ती वाचे, ‘हे कोण म्हणाले?’ असे खडसावून विचारे, नाव-गाव पडताळे, मथळा बेताचा करी. मग खिळे जुळवणारा, मग मुद्रितशोधक. बातमी चार जणांच्या डोळ्यांखालून जाई आणि चारातला एक तरी शंकेखोर असे. पुरती खात्री नसलेल्या बातमीच्या शेवटी ‘असे समजते’ हे दोन शब्द टाकण्याची रीत याच टेबलावरची. ती पळवाट होतीच, पण पुढची जमीन मऊ आहे हे वाचकाला सांगणारी पाटीही होती. आरोपीला गुन्हेगार न म्हणणे, बलात्कारपीडितेचे नाव न छापणे, दंगलीत धर्माचा उल्लेख टाळून ‘दोन गटांत’ असे लिहिणे, यातल्या काही गोष्टी कायद्याने आणल्या, काही शिस्तीने.

पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या शिफारशीनंतर १९६६ मध्ये प्रेस कौन्सिल स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती ज. रा. मुधोळकर. आणीबाणीत कौन्सिल बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा आली. वृत्तपत्राला समज देणे, ताशेरे ओढणे, नापसंती व्यक्त करणे एवढेच तिच्या हाती. दंड नाही, कैद नाही. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. सरकारी दंडुक्याचा अनुभव ताजा होता. या व्यवस्थेचा सगळा भार संपादकाला लाज वाटते, या गृहीतकावर होता.

मधली रात्र संपवली ती चोवीस तासांच्या वाहिन्यांनी. ३१ डिसेंबर २००० रोजी ‘आज तक’ सुरू झाले. मराठीत २००७ पासून ‘झी २४ तास’ आणि पाठोपाठ इतर वाहिन्या आल्या. जुलै २००६ मध्ये हरियाणातल्या हल्दाहेडी गावात पाच वर्षांचा एक मुलगा कूपनलिकेच्या खड्ड्यात पडला. जवळपास पन्नास तास सगळ्या देशाचे कॅमेरे त्या भोकावर रोखलेले होते. लष्कराने शेजारी बोगदा खणून मुलाला सुखरूप बाहेर काढले. कोणाचे काही बिघडले नाही, उलट सगळा देश आनंदला. पण वाहिन्यांना एक गणित सापडले: एक जागा, एक जीव, शेवट अनिश्चित, आणि कॅमेरा हलवायचीही गरज नाही.

वर्षभराने त्या गणिताची काळी बाजू दिसली. ऑगस्ट २००७ मध्ये ‘लाइव्ह इंडिया’ या वाहिनीने दिल्लीतली एक शिक्षिका विद्यार्थिनींना देहविक्रयात ढकलते, असे ‘स्टिंग’ दाखवले. प्रक्षेपणानंतर जमाव शाळेवर चालून गेला. शिक्षिकेला मारहाण झाली, कपडे फाडले गेले, अटक झाली. पोलिसांनी तपास केला तेव्हा सगळे रचलेले निघाले; विद्यार्थिनी म्हणून दाखवलेली मुलगी विद्यार्थिनी नव्हतीच. सरकारने वाहिनीचे प्रक्षेपण महिनाभर बंद ठेवले. एका महिन्याने वाहिनी पुन्हा सुरू झाली. शिक्षिकेची अब्रू अशी महिन्याच्या मुदतीने परत मिळणारी नव्हती.

आणि २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला. ताज, ट्रायडंट-ओबेरॉय, नरिमन हाउस. कमांडो छतावर उतरताना घरोघरी दिसले, तसेच ते सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना फोनवर सूचना देणाऱ्यांनाही दिसले. या हल्ल्यातल्या कसाबच्या खटल्याच्या निकालात, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली: त्यातून ना देशाचे हित साधले, ना समाजाचे; हेतू होता तो टीआरपी. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची ढाल न्यायालयाने मान्य केली नाही. पुढे २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत बदल होऊन अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण बंद झाले. मोहीम संपेपर्यंत नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने माहिती देईल, तेवढीच दाखवायची. मुंबईने मोजलेल्या किमतीतून निघालेला हा नियम आहे.

मोजपट्टी

टीआरपी या तीन अक्षरांना आज शिवीची कळा आली असली, तरी ती मूळची मोजपट्टी. निवडक घरांत मीटर बसवायचे, कोण काय पाहते ते टिपायचे, त्यावरून देशाचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर जाहिरातींचे दर ठरवायचे. २०२० मध्ये ‘बार्क’ या संस्थेची अशी मीटर सुमारे ४४ हजार घरांत होती आणि टीव्ही असलेली घरे वीस कोटींहून जास्त. एका मीटरमागे हजारो घरे उभी असल्यावर थोडीशी घरे फोडली तरी चित्र पालटू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी नेमका असाच आरोप केला, की काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितले जाते. आरोपांवरून राजकारण पेटले. ‘बार्क’ने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणे थांबवले ते मार्च २०२२ पर्यंत. त्या दीड वर्षात आवाज काही कमी झाला नाही.

त्याच २०२० मध्ये, जूनपासून, अभिनेता सुशांतसिंह राजपूत याच्या मृत्यूवर महिनोन्‌महिने चर्चा झडत होत्या. स्टुडिओतच तपास, स्टुडिओतच उलटतपासणी आणि स्टुडिओतच निकाल. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने नीलेश नवलखा यांच्या याचिकेवर निर्णय देताना सांगितले, की असा माध्यमी खटला तपासात आणि न्यायदानात ढवळाढवळ करतो; आत्महत्येच्या बातम्या देताना काय टाळावे, याची यादीही दिली. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने प्रकरण बंद करण्याचा अहवाल सादर केला. २०२० मध्ये त्यावर रोज रात्री तासन्‌तास खर्च झाले होते. अहवालाची बातमी एकदोन दिवसांत मागे पडली.

हायकोर्टाच्या निर्णयाविरुद्ध वाहिन्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने एक व्यवहारी प्रश्न विचारला. वाहिन्यांनी स्वतःसाठी नेमलेल्या यंत्रणेचा दंड तेव्हा जास्तीत जास्त एक लाख रुपये होता. ज्या कार्यक्रमातून यापेक्षा कितीतरी जास्त कमाई होते, त्याला एक लाखाचा धाक कसा वाटणार? जाहिरातीच्या उत्पन्नापुढे हा दंड किरकोळ खर्चात जमा होत होता.

चुकीची बातमी जशी विकली जाते, तशी गप्प राहणारी बातमीही विकली जाते. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पत्रकार पी. साईनाथ यांनी एक चमत्कार दाखवून दिला. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वृत्तपत्रांत एकाच नेत्याच्या स्तुतीचा तोच मजकूर शब्दशः छापून आला होता, लेखकाचे नाव मात्र वेगवेगळे. निवडणुकीच्या काळात याला व्यवहारात ‘पॅकेज’ म्हणत: सभेच्या बातमीचा दर इतका, मुलाखतीचा इतका, विरोधकाविषयी मौन पाळण्याचा वेगळा. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी यावर सविस्तर अहवाल तयार केला. कौन्सिलने आधी तो आखडून प्रसिद्ध केला आणि मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला. पॅकेजच्या बातम्यांत खळबळ नावालाही नव्हती. त्या अतिशय शांत, गोड आणि सभ्य होत्या. भडक भाषा हाच पत्रकारितेचा एकमेव रोग समजणाऱ्यांनी हे प्रकरण आठवावे.

संपादक नसलेली बातमी

मोबाइलने मोजपट्टी आणखी बारीक केली. पूर्वी अंक खपला एवढेच कळे, कोणती बातमी वाचली ते कळत नसे. आता कोणत्या मथळ्यावर किती बोटे पडली, हे कार्यालयातल्या पडद्यावर त्या क्षणी दिसते. म्हणून मथळ्याची घडण बदलली. जुना मथळा बातमी सांगून टाकायचा. नवा ती लपवतो. ‘अमुक अभिनेत्रीने केले असे काही, की...’ या तीन टिंबांत सगळा धंदा आहे. ‘असे समजते’ची जागा प्रश्नचिन्हाने घेतली. ‘या नेत्याचा राजीनामा?’ असे विचारले की बातमी खोटी ठरायचा प्रश्नच उरत नाही. आपण कुठे म्हटले, फक्त विचारले.

तरी संकेतस्थळाला पत्ता असतो, संपादक असतो, नोटीस पाठवता येते. व्हॉट्सॲपवरच्या मजकुराला यातले काहीच नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा देशभर फिरत होत्या. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, अशी एक चित्रफीत अनेक राज्यांत पाहिली गेली. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेली जागृतीची फिल्म होती. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक धरतात. फिरणाऱ्या चित्रफितीतून तेवढा शेवट कोणीतरी कापला होता.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार, रविवार. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. पोरे पळवणारे हेच, असा पुकारा झाला. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठार मारले. अफवा आधी कोणी लिहिली, कोणी पुढे धाडली, याचा माग लागण्यासारखा नव्हता. प्रत्येकाने फक्त एकदा बोट लावले होते.

नऊ दिवसांनी, १० जुलै रोजी, व्हॉट्सॲपने भारतातल्या प्रमुख वृत्तपत्रांत पूर्ण पानाच्या जाहिराती दिल्या. खोटी माहिती कशी ओळखावी, याच्या दहा सूचना त्यात होत्या. एक सूचना अशी, की एखादा मजकूर वाचून मन अस्वस्थ झाले, तर तो पुढे पाठवण्याआधी त्यावर शंका घ्या. त्याच महिन्यात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन भारतासाठी जाहीर झाले. ज्या माध्यमात ना उपसंपादक होता, ना मुद्रितशोधक, ना मधली रात्र, त्याने आपला खुलासा छापायला जागा विकत घेतली ती वृत्तपत्राच्या पानावर, आणि तो लोकांच्या हाती पडला दुसऱ्या दिवशी सकाळी, दुधाच्या पिशवीबरोबर.